एक अँटेना, दोन-तीन स्कॅनर: दुसरा जोडला की पहिला का बिघडतो

अँटेनावर एकच रेडिओ स्कॅनर, म्हणजे अनेक फ्रिक्वेन्सींवर आळीपाळीने फिरून ऐकणारा रिसीव्हर, असतो तोवर सगळं सुरळीत चालतं. दुसरा जोडला की तक्रारी सुरू होतात. कुणाचे लांबचे सिग्नल खरखरीत बुडतात. कुणाचा स्कॅनर मध्येच एखाद्या फ्रिक्वेन्सीवर थांबतो आणि आवाज मात्र काहीच येत नाही. कुणाला विमानांच्या बँडवर एफएम स्टेशनची गाणी ऐकू येतात. या सगळ्यांवर एकच ठरलेला सल्ला मिळतो: अँप्लिफायर लावा. पण या तीन तक्रारींची कारणं तीन वेगळी आहेत. पहिली सिग्नल कमी पडल्याची, दुसरी स्कॅनरनी एकमेकांना त्रास दिल्याची, तिसरी सिग्नल जास्त झाल्याची. अँप्लिफायर लागू पडतो तो पहिल्या तक्रारीला. दुसरीला त्याचा झालाच तर आडून उपयोग होतो, आणि तिसरी तो हमखास वाढवतो. म्हणून पैसे खर्च करण्याआधी अर्धा तास तपासणीला द्यावा.

तक्रार कोणत्या जातीची?

तपासणीसाठी एक असा सिग्नल निवडा जो सतत चालू असतो आणि तुमच्याकडे जेमतेमच येतो. विमानतळाचं एटीआयएस (वैमानिकांसाठी सतत चालणारी माहिती) प्रसारण किंवा ट्रंकिंग यंत्रणेचा (जिथे अनेक गट मोजके चॅनल वाटून वापरतात) कंट्रोल चॅनल चांगला. जोरदार सिग्नलवर तपासणी करून उपयोग नाही, तो निम्मा झाला तरी कानाला फरक कळत नाही. स्कॅनरच्या पडद्यावरच्या काड्यांवरही फार विसंबू नका. त्या डीबीच्या (डेसिबल; ३ डीबी कमी म्हणजे शक्ती निम्मी) मापाने वाढत नाहीत आणि बहुतेक स्कॅनरमध्ये फार लवकर भरतात.

हाताशी तीन वस्तू हव्यात: ३ डीबी आणि १० डीबीचा प्रत्येकी एक अटेन्युएटर (सिग्नल ठरावीक मापाने कमी करणारा तुकडा) आणि ५० ओहमचा एक डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा रोधक). तिन्ही बीएनसी किंवा एसएमए कनेक्टरमध्ये सहज मिळतात. मग या क्रमाने जा:

१. एकच स्कॅनर थेट अँटेनाला लावा आणि निवडलेला सिग्नल कसा येतो ते नोंदवा. स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर बंद ठेवणारी सोय) कुठे उघडतो तेही लिहून ठेवा.

२. त्याच जोडणीत ३ डीबीचा अटेन्युएटर घाला. दोन वाटांच्या स्प्लिटरने (एका अँटेनाचा सिग्नल अनेक स्कॅनरना वाटणारी डबी) जी घट होते, जवळपास तीच ही. सिग्नल आत्ताच तक्रारीइतका खराब झाला, तर तुमची अडचण निव्वळ घटीची आहे.

३. अटेन्युएटर काढा, स्प्लिटर घाला, पण दुसरा स्कॅनर बंद ठेवा आणि स्प्लिटरच्या त्या तोंडाला टर्मिनेटर, म्हणजे तोच डमी लोड, लावा. इथे घट ३ डीबीपेक्षा बरीच जास्त वाटली तर स्प्लिटर, कनेक्टर किंवा जंपर (जोडणीच्या छोट्या) केबलमध्ये दोष आहे.

४. आता दुसरा स्कॅनर जोडून चालू करा आणि स्कॅन करू द्या. पहिला इथून पुढे बिघडला तर कारण दुसरा स्कॅनरच.

५. नको ते आवाज येत असतील तर पहिल्या स्कॅनरच्या तोंडाशी १० डीबीचा अटेन्युएटर लावा. नको असलेला सिग्नल १० डीबीच उतरला, तर तो खरोखर हवेत आहे. तो एकदम गायबच झाला, तर तो स्कॅनर किंवा अँप्लिफायरच्या पोटात तयार होत होता. जोरदार सिग्नल आतच एकमेकांत मिसळून असा खोटा सिग्नल बनतो; तिसऱ्या दर्जाचं मिश्रण १० डीबीच्या अटेन्युएटरने ३० डीबी पडतं, दुसऱ्या दर्जाचं २० डीबी. हा फरक मोजयंत्राविना कानालाही कळतो.

टी-कनेक्टर: कागदावर ठीक, प्रत्यक्षात नाही

सगळ्यात जास्त बिघाड इथून येतात, कारण बीएनसीचा टी स्वस्त असतो आणि पहिल्या दिवशी चालतोही. गणितसुद्धा त्याच्याच बाजूने बोलतं. ५० ओहमचे दोन स्कॅनर समांतर जोडले की २५ ओहम होतात. ५० ओहमच्या केबलला २५ ओहम दिसले की सुमारे ११ टक्के शक्ती परत फिरते आणि उरलेली निम्मी-निम्मी वाटली जाते. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला ४४ टक्के, साधारण ३.५ डीबी घट. चांगल्या स्प्लिटरचीही घट एवढीच असते. मग स्प्लिटर घ्यायचा कशाला?

कारण स्कॅनरचं तोंड ५० ओहमचं असतं ते फक्त तो ज्या बँडवर त्या क्षणी बसला आहे तिथे. आतले फिल्टर बँडनुसार बदलतात. दुसरा स्कॅनर ४५० मेगाहर्ट्झवर गेला की त्याच्या तोंडाला १५५ मेगाहर्ट्झवर काय दिसेल याचा भरवसा नाही. उघडी तार दिसेल किंवा जवळजवळ शॉर्ट. त्यात जंपर केबलच्या लांबीची भर पडते. पाव तरंगलांबीची केबल दूरच्या टोकाला उघडी असेल तर जवळच्या टोकाला शॉर्ट दिसते. १५५ मेगाहर्ट्झवर पाव तरंगलांबी हवेत ४८ सेंटिमीटर. आरजी-५८ या केबलमध्ये लहर ०.६६ पट वेगाने जाते, म्हणून केबल भरते ३२ सेंटिमीटर. नेमक्या एवढ्याच लांबीचे जंपर टेबलावर पडलेले असतात. ४२० मेगाहर्ट्झला हाच हिशोब १२ सेंटिमीटरच्या आसपास येतो, आणि टीपासून स्कॅनरपर्यंतचे छोटे तुकडे त्याच मापाचे.

लक्षण ओळखायला सोपं आहे. दुसरा स्कॅनर स्कॅन करत असताना पहिल्यावरचा स्थिर सिग्नल ठेक्यात खालीवर होतो. दुसरा एका चॅनलवर थांबवला की पहिलाही स्थिरावतो, कधी चांगला तर कधी वाईट. जंपर दहा-पंधरा सेंटिमीटरने बदलला की बिघाड दुसऱ्याच बँडवर सरकतो. असं दिसलं की टी काढून टाकावा; केबलची लांबी जुळवत बसण्यात अर्थ नाही, एका फ्रिक्वेन्सीला जुळवलेली लांबी दुसरीला मारते.

टीची दुसरी उणीव आयसोलेशनची, म्हणजे एका स्कॅनरचा सिग्नल दुसऱ्यापर्यंत जाताना किती अडतो त्याची. एका स्कॅनरमधून बाहेर पडलेलं काहीही दुसऱ्यापर्यंत जाताना फक्त ३.५ डीबी कमी होतं.

मुका थांबा: लोकल ऑसिलेटरची गळती

स्कॅनर थांबतो, स्क्वेल्च उघडतो, आवाज शून्य. कधी क्षणभर, कधी दर काही सेकंदांनी. एफएममध्ये खरखर एकदम शांत होते. विमानांच्या एएम बँडवर पार्श्वभूमीची सळसळ दबते.

सुपरहेट रिसीव्हर आलेला सिग्नल आयएफ नावाच्या एका ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर आणून ऐकतो; त्यासाठी प्रत्येकात लोकल ऑसिलेटर असतो आणि त्याचा थोडासा अंश अँटेनाच्या तोंडातून मागे गळतो. ज्या स्कॅनरचा पहिला आयएफ १०.७ मेगाहर्ट्झ आहे, तो १५५.००० ऐकत असताना त्याचा ऑसिलेटर १४४.३ किंवा १६५.७ वर चालतो. दुसरा स्कॅनर नेमक्या त्याच वेळी तिथे पोचला तर त्याला तो सिग्नलच वाटतो. काही स्कॅनरमध्ये पहिला आयएफ शेकडो मेगाहर्ट्झवर असतो. मग गळती पार वेगळ्या बँडमध्ये पडते, त्यामुळे कारण लगेच लक्षात येत नाही.

खात्री करायला संशयित स्कॅनर एका फ्रिक्वेन्सीवर धरून ठेवा. त्या फ्रिक्वेन्सीत त्याचा आयएफ एकदा मिळवा, एकदा वजा करा आणि दोन्ही आकडे दुसऱ्या स्कॅनरवर हाताने टाका. आयएफ किती ते माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानांवर असतं. मुका वाहक सापडला तर संशयित स्कॅनर बंद करून बघा. वाहकही गेला तर प्रकरण तिथेच मिटलं.

आता प्रश्न असा की चांगला स्प्लिटर हे थांबवतो का? आकडे बघा. युरोपीय मानकांत रिसीव्हरच्या गळतीची मर्यादा १ गिगाहर्ट्झखाली २ नॅनोवॉट, म्हणजे उणे ५७ डीबीएम (१ मिलिवॉटच्या तुलनेत ५७ डीबी खाली). चांगला स्कॅनर याच्या बराच खाली असतो, पण मर्यादेवरचाच धरला तर टीमधून दुसऱ्या स्कॅनरला उणे ६० मिळतात. स्कॅनर ०.५ मायक्रोव्होल्टचा, म्हणजे उणे ११३ डीबीएमचा सिग्नल ऐकतो. म्हणजे ही गळती त्याच्यासाठी पन्नासहून जास्त डीबीने मोठी. स्प्लिटरचं आयसोलेशन २५ डीबी धरलं तरी उणे ८२ उरतात आणि स्कॅनर तरीही थांबतो. ‘महागडा स्प्लिटर घेतला तरी फरक नाही’ ही तक्रार इथून येते, आणि ती खोटी नसते.

त्यातही स्प्लिटरवर छापलेलं आयसोलेशन मिळतं ते त्याच्या सामाईक तोंडाला बरोबर जुळणारा भार असेल तरच. या मुद्द्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. एका स्कॅनरची गळती स्प्लिटरमधून वर जाते, अँटेना त्या फ्रिक्वेन्सीवर जुळलेली नसेल तर तिथून परत फिरते आणि दुसऱ्या स्कॅनरकडे उतरते. दोन वेळा ३.५ डीबी म्हणजे फक्त ७, अधिक केबलची जाण्या-येण्याची घट, अधिक अँटेनावर जे काही गिळलं जाईल ते. रिटर्न लॉस (परत फिरलेली शक्ती किती डीबीने कमी असते तो आकडा) १० डीबी असलेल्या अँटेनावर, केबलची घट सोडून, हे १७ च्या आसपास येतं. एकाच बँडसाठी बनवलेली अँटेना इतर बँडवर याहूनही वाईट.

उपाय म्हणून स्प्लिटरच्या सामाईक तोंडाशी ३ डीबीचा अटेन्युएटर लावला तर परतीच्या वाटेवर तो दोनदा लागतो आणि ही वाट ६ डीबीने बंद होते. त्याची घट परवडत नसेल तर तिथे अँप्लिफायर लावला तरी तेच साधतं, कारण अँप्लिफायरचं आउटपुट बहुतेक जुळलेलं असतं आणि खालून आलेलं तो वर जाऊ देत नाही. सुरुवातीला आडून उपयोग म्हटलं तो हा. सगळ्यांत पक्का इलाज म्हणजे ज्यात प्रत्येक तोंडाला स्वतंत्र बफर अँप्लिफायर आहे असा मल्टिकपलर. आणि फुकटचा इलाज: दोन-चार ठरलेल्या फ्रिक्वेन्सींवरच त्रास असेल तर त्या लॉकआउट करून टाका, म्हणजे स्कॅनमधून वगळा. एवढ्यासाठी नवा स्कॅनर घेण्याची गरज नाही.

यातलं काही करण्याआधी मात्र एक तपासणी टाळू नका. थांबणाऱ्या स्कॅनरची केबल काढून त्याच्या तोंडाला डमी लोड लावा. तरीही तो थांबतोय? मग गळती स्प्लिटरमधून येतच नाही. ती खोक्यातून, वीजतारेतून किंवा स्पीकरच्या तारेतून थेट येते आहे. एकावर एक रचलेल्या स्कॅनरमध्ये हे सर्रास होतं. मीटरभर अंतर ठेवा, प्लॅस्टिकच्या खोक्याचे स्कॅनर आधी हलवा, वीजतारांवर फेराइट चढवा. दुसरा स्कॅनर पूर्ण बंद असूनही डमी लोडवर थांबत असेल तर तो त्याचा स्वतःचाच बर्डी, म्हणजे आतच तयार होणारा खोटा सिग्नल, आहे. स्कॅनरच्या आतल्या घड्याळाची हार्मोनिक, तिला लॉकआउट करण्यापलीकडे काही करायचं नसतं.

कोणता स्प्लिटर घ्यावा

तीन रोधकांचा स्प्लिटर, ५० ओहमसाठी प्रत्येकी १६.७ ओहमचा, बनवायला सोपा आणि कुठल्याही फ्रिक्वेन्सीला चालतो. पण घट ६ डीबी आणि आयसोलेशनही फक्त ६. स्कॅनरसाठी तो घेऊ नये. हवा तो फेराइट ट्रान्सफॉर्मरचा हायब्रिड स्प्लिटर. घट दोन वाटांना ३.५ डीबी, चार वाटांना ७ ते ७.५, आठ वाटांना साधारण ११. आयसोलेशन २० ते ३० डीबी.

टीव्हीचा ७५ ओहमचा स्प्लिटर चालेल का? बिनधास्त चालेल. ५० आणि ७५ च्या विसंगतीत ४ टक्के शक्ती परत जाते, म्हणजे ०.२ डीबीहून कमी. त्यासाठी जुळवणीचे ट्रान्सफॉर्मर लावणारे लोक वाचवतात त्यापेक्षा जास्त घालवतात. लक्ष द्यायचं ते खोक्यावर छापलेल्या बारीक अक्षरांकडे. ५ ते १००० मेगाहर्ट्झ लिहिलेला घ्या. ९५० ते २१५० लिहिलेला डिशचा असतो, तो आपल्या कामाचा नाही. एका तोंडावर घट ३.५ आणि दोनवर ७ लिहिली असेल तर तो तीन वाटांचा असमान स्प्लिटर आहे. वाईट नाही, फक्त कमी घटीचं तोंड सगळ्यात अशक्त सिग्नल ऐकणाऱ्या स्कॅनरला द्या. दोनच आउटपुट असून एकावर ‘टॅप’ आणि १२ किंवा १६ डीबी असा आकडा असेल तर तो डायरेक्शनल कपलर आहे, त्या तोंडाला सिग्नलचा छोटासा अंशच मिळतो. दिसायला अगदी स्प्लिटरसारखा. ‘एका तोंडाला काहीच येत नाही’ या तक्रारीत तो बरेचदा सापडतो.

पाच स्कॅनर असतील तर आठ वाटांचा घेऊन सगळ्यांना ११ डीबीचा दंड लावू नका. आधी दोन वाटांचा लावा. एका वाटेवर महत्त्वाचा स्कॅनर, दुसरीवर चार वाटांचा. महत्त्वाच्याला ३.५, बाकीच्यांना १०.५ ते ११. जवळचे जोरदार रिपीटर ऐकणाऱ्याला ११ डीबी गेल्याचं कळणारही नाही.

रिकाम्या तोंडांना ७५ ओहमचे टर्मिनेटर फिरवून लावा. रिकामं तोंड आयसोलेशन आणि जुळवणी दोन्ही बिघडवतं. घट मात्र त्यामुळे कमी होत नाही; दोनच वापरले तरी चार वाटांच्या स्प्लिटरची घट सातच राहते.

दोन स्कॅनरचे बँड मुळातच वेगळे असतील, म्हणजे एक फक्त ११८ ते १३७ वर विमानं ऐकतो आणि दुसरा फक्त ४०० च्या वर, तर स्प्लिटर हवाच कशाला? व्हीएचएफ-यूएचएफ डायप्लेक्सर (खालचा आणि वरचा बँड वेगवेगळ्या तोंडांना देणारा फिल्टर) लावा. घट अर्ध्या डीबीच्या आत, आणि आयसोलेशन स्प्लिटरपेक्षा खूप जास्त. हा पर्याय लोक विसरतात.

घट आणि अँप्लिफायर: जागा चुकली की पैसे पाण्यात

स्प्लिटरमध्ये गेलेला प्रत्येक डीबी स्कॅनरच्या नॉइज फिगरमध्ये (स्कॅनर स्वतःहून किती गोंगाट मिसळतो त्याचं माप; कमी तितकं चांगलं) तसाच्या तसा मिळतो. स्कॅनरची नॉइज फिगर ८ डीबी धरली आणि पुढे चार वाटांचा ७ डीबीचा स्प्लिटर लावला तर एकूण १५. आता स्प्लिटरच्या आधी १५ डीबी गेन (वाढ) आणि १ डीबी नॉइज फिगरचा अँप्लिफायर लावला तर हिशोब ३.५ डीबीवर येतो, म्हणजे एकटा स्कॅनर थेट अँटेनावर होता त्याहूनही चांगला. तोच अँप्लिफायर स्प्लिटरनंतर एका स्कॅनरच्या तोंडाशी लावला तर आधीचे ७ डीबी परत येत नाहीत. आवाज मोठा होतो, खरखरही तितकीच मोठी होते.

वरच्या जोडणीत १५ मधून ७ गेले तरी ८ डीबी जादा स्कॅनरमध्ये शिरतात. ते नको आहेत. अँप्लिफायर आणि स्प्लिटरच्या मध्ये ५ डीबीचा अटेन्युएटर लावा. एकूण नॉइज फिगर ३.५ वरून ६.४ होते, अजूनही एकट्या स्कॅनरपेक्षा बरी, आणि स्कॅनरला जादा फक्त ३ डीबी. विकत घेतलेला गेन अटेन्युएटरमध्ये घालवायला लोकांच्या जिवावर येतं, पण बरोबर तेच आहे. स्प्लिटरची घट भरून काढून वर दोन-तीन डीबी, बस. ३० डीबीचे टीव्ही बूस्टर या कामाला घेऊ नयेत.

अँप्लिफायर लावण्याआधी तो लागतो का ते बघा. स्कॅनर एएम मोडवर, स्क्वेल्च पूर्ण उघडा, रिकामी फ्रिक्वेन्सी. तोंडाला आधी डमी लोड लावून खरखर ऐका, मग स्प्लिटरसकट अँटेना लावा. अँटेना लावल्यावर खरखर स्पष्ट वाढली तर बाहेरचा गोंगाटच स्कॅनरच्या स्वतःच्या गोंगाटापेक्षा मोठा आहे. अशा वेळी अँप्लिफायरने एकही नवा सिग्नल ऐकू येणार नाही. ३० ते ५० मेगाहर्ट्झवर, दाट वस्तीत, बहुतेक ठिकाणी हेच आढळतं. उलट ४५० किंवा ८०० वर खरखर जराही हलली नाही, तर घट खरंच बोचते आहे.

घट केबलमध्येही असते, हे विसरू नका. २० मीटर आरजी-५८ मध्ये ४५० मेगाहर्ट्झला सुमारे ७ डीबी जातात. तेवढ्याच आरजी-६ मध्ये ३. केबल बदलली की दोन वाटांच्या स्प्लिटरची घट तिथेच भरून निघते, अँप्लिफायरशिवाय.

टीव्हीचे वितरण अँप्लिफायर घेताना दोन सापळे. केबल टीव्हीच्या बऱ्याच अँप्लिफायरमध्ये पुढची वाट ५४ मेगाहर्ट्झच्या आसपास सुरू होते आणि त्याखालचा भाग उलट दिशेसाठी राखलेला असतो; शॉर्टवेव्ह किंवा ३०-५० ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. आणि हवेतल्या टीव्हीसाठीच्या नव्या अँप्लिफायरमध्ये मोबाइलचे सिग्नल अडवायला सुमारे ६०० किंवा ७०० मेगाहर्ट्झच्या वर फिल्टर असतो. ८०० चा बँड अचानक मेला आणि बाकी सगळं छान असेल तर हेच कारण.

गाणी, भुतं आणि ओव्हरलोड

१०७ आणि ९३ मेगाहर्ट्झची दोन जोरदार एफएम स्टेशनं असतील तर दोनदा १०७ वजा ९३ म्हणजे १२१, नेमकं विमानांच्या बँडमध्ये. हे मिश्रण अँप्लिफायरमध्ये झालं की ते सगळ्या स्कॅनरमध्ये एकाच वेळी दिसतं. एकाच स्कॅनरमध्ये दिसलं तर त्या स्कॅनरचं तोंड भरलं आहे. एवढ्या एका निरीक्षणावर अर्धं निदान होतं.

उपाय ८८ ते १०८ चा एफएम नॉच फिल्टर (तेवढाच पट्टा अडवणारा), आणि त्याची जागा अँप्लिफायरच्या आधी. नंतर लावून काही होत नाही, मिश्रण तोवर झालेलं असतं. साध्या फिल्टरची कड ११८ पर्यंत रेंगाळते आणि विमानांच्या बँडच्या खालच्या टोकाला एक-दोन डीबी खाते. ते सहन करावं. त्रास पेजरच्या जोरदार प्रेषकाचा असेल तर एफएम फिल्टरचा उपयोग नाही, त्या फ्रिक्वेन्सीचा वेगळा नॉच लागेल.

डिजिटल ट्रंकिंगमध्ये सिग्नलच्या काड्या भरलेल्या आणि आवाज तरी तुटत असेल, तर स्प्लिटरला दोष देण्याआधी थेट अँटेनावर ऐका. अनेक मनोऱ्यांवरून एकाच वेळी येणाऱ्या सिमलकास्टचा तो घोळ असू शकतो. तिथे सिग्नल वाढवून नाही, दिशादर्शक अँटेनाने एकच मनोरा निवडून भागतं.

वीज, कनेक्टर आणि इतर किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी

मास्टवरचा अँप्लिफायर केबलमधूनच १२ व्होल्ट घेत असेल तर बायस-टी (केबलमध्ये ती वीज सोडणारी जोडणी) स्प्लिटरच्या वर, अँटेनाच्या बाजूला असावा. खाली लावला तर वीज स्प्लिटरमधून जायला हवी. काही स्प्लिटर ती फक्त एका तोंडातून जाऊ देतात, काही मुळीच नाही, आणि काही सगळ्या तोंडांवर आणून ठेवतात. बऱ्याच रिसीव्हरच्या तोंडाशी डीसीला कॉइलमधून शॉर्ट मिळतो, मग सप्लाय बसतो आणि ‘अँप्लिफायर जळाला’ असं वाटतं. आरटीएल-एसडीआर डोंगलच्या (संगणकाला लावायचा छोटा रिसीव्हर) काही आवृत्त्यांत बायस-टी सॉफ्टवेअरने चालू होतो आणि साडेचार व्होल्ट सोडतो. तो चुकून चालू राहिला तर तेच. स्कॅनर जोडण्याआधी प्रत्येक तोंडावर मल्टिमीटरने डीसी व्होल्ट मोजा. शून्य नसेल तर मध्ये डीसी ब्लॉक घाला.

एफ कनेक्टरमध्ये मधली तार कॉलरच्या सुमारे ३ मिलिमीटर बाहेर असावी. कमी असली की संपर्क ये-जा करतो, हात लावला की सिग्नल सुधारतो. जाळीचा एखादा केस मधल्या तारेला टेकला तर पूर्ण शॉर्ट. केबल दोन्ही बाजूंनी सोडवून ओहममध्ये तपासा, कारण काही अँटेना डीसीला मुळातच शॉर्ट असतात. एसएमए आणि आरपी-एसएमए सहज एकमेकांवर फिरतात, पण दोन्हीकडे टाचणी नसेल तर आत काहीच जुळलेलं नसतं. एकामागे एक चार अडॅप्टर लावण्याऐवजी एक योग्य टोकांची छोटी केबल घ्या. वजनाने स्कॅनरचं बीएनसी सैल होतं ते वेगळंच.

एखादा स्कॅनर त्याच्या अडॅप्टरवर जोडल्यावरच खरखर वाढत असेल तर तो बॅटरीवर चालवून बघा. खरखर गेली तर दोष स्विचिंग सप्लायचा, स्प्लिटरचा नाही.

आणि प्रेषण करू शकणारा कुठलाही सेट या स्प्लिटरला जोडू नका, ‘फक्त ऐकायला’ म्हणूनही नाही. ५ वॉट म्हणजे ३७ डीबीएम. २५ डीबी आयसोलेशननंतरही शेजारच्या स्कॅनरच्या तोंडात १२ डीबीएम, सुमारे १६ मिलिवॉट जातात. तिथे एरवी उणे १०० डीबीएमचे सिग्नल येत असतात. स्प्लिटरमधला रोधक तर त्याआधीच भाजतो.

मग सरळ दुसरी अँटेनाच लावली तर?

घट वाचते, हे खरं. गळतीचा प्रश्न मात्र आपोआप सुटत नाही. १५० मेगाहर्ट्झवर एकमेकींपासून ३ मीटर अंतरावरच्या दोन साध्या उभ्या अँटेनांमध्ये साधारण २१ डीबीचं आयसोलेशन मिळतं. चांगला हायब्रिड स्प्लिटर एवढं टेबलावरच देतो. अंतर दुप्पट केलं की ६ डीबी वाढतात. एकीच्या थेट वर दुसरी, एकाच उभ्या रेषेत लावली तर त्याच ३ मीटरमध्ये याहून बरंच जास्त मिळतं, कारण उभी अँटेना वर-खाली फारच कमी ऐकते. जागा आडवी असो वा उभी, दोन्ही केबल एकत्र बांधून खाली आणू नका, आणि खालच्या अँटेनाची केबल वरच्या अँटेनाच्या अगदी अंगावरून नेऊ नका.